झरकन, गोमेद की अमेरिकन डायमंड? अंगठीतला खडा नेमका कोणता, आणि मोडीला त्याचं काय होतं

सांगवी : लग्नसराई आली की जुनी सांगवी, नवी सांगवी, पिंपळे गुरवच्या सराफी दुकानांत एक शब्द हमखास कानावर पडतो. "झरकनचं पेंडल दाखवा", "झरकनच्या कुड्या आहेत का?" दुकानदार ट्रे पुढं करतो, दिव्याखाली खडे लखलखतात, पोरीच्या आईला पसंत पडतं, बिल होतं. चार वर्षांनी खताला, फीला किंवा दवाखान्याला पैसे लागले की तोच दागिना पतसंस्थेच्या काट्यावर चढतो. तिथला माणूस खड्यांचं वजन वजा करतो आणि आकडा सांगतो. घरची मंडळी म्हणतात, "अहो, झरकन आहे ना त्यात?" तो म्हणतो, "त्याचं काही धरत नाही."

दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. घोटाळा त्या एका शब्दात आहे. आपल्याकडं झरकन म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. एक, जमिनीतून निघणारा खरा झिरकॉन, म्हणजे नैसर्गिक रत्न. दोन, कारखान्यात भट्टीत बनवलेला क्यूबिक झिरकोनिया, ज्याला बाजारात अमेरिकन डायमंड किंवा नुसतं एडी म्हणतात. आणि तीन, गोमेद म्हणून राहूसाठी बोटात घालतात तो खडा, जो पुष्कळदा झिरकॉन नसतोच. दुकानातल्या ट्रेमध्ये जे चमकतं ते शंभरातल्या जवळपास सगळ्या वेळा दुसरं असतं. त्यात फसवणूकच असते असं नाही. दुकानदार "झरकन" म्हणतो, गिऱ्हाईकही "झरकन" म्हणतं, आणि दोघांच्या डोक्यात वेगळं चित्र असतं.

शब्द आला कुठून

झिरकॉन हे नाव फारसी "झरगून" या शब्दावरून आलं असं मानतात. अर्थ, सोन्याच्या रंगाचा. फारसीत झर म्हणजे सोनं. आपल्या मराठीतली जर, जरी, जरीकाठ, जरतारी हे सगळे त्याच घराण्यातले शब्द. म्हणजे पैठणीचा काठ आणि हा खडा नावानं भाऊबंद निघाले! युरोपातल्या व्यापाऱ्यांनी श्रीलंकेच्या फिकट खड्यांना "जार्गून" म्हटलं. पुढं १७८९ साली बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लापरोट यांनी श्रीलंकेहून आलेला असाच खडा तपासला, तेव्हा त्यात एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याला नाव मिळालं झिरकोनियम. शुद्ध नव्हे, पण धातू म्हणून ते वेगळं काढायला १८२४ साल उजाडलं. ते काम स्वीडनच्या बर्झेलियस यांनी केलं.

खरा झिरकॉन म्हणजे झिरकोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा मिळून बनलेला स्फटिक, झिरकोनियम सिलिकेट. कच्चा असताना तो बहुतेक तपकिरी, लालसर, मधासारखा पिवळा किंवा हिरवट दिसतो. रंग नसलेलाही मिळतो. श्रीलंकेतल्या मातारा गावाकडचे पांढरे झिरकॉन एके काळी "मातारा हिरे" म्हणून विकले जात, इतकी त्यांची चमक. निळा झिरकॉन मात्र जमिनीतून क्वचितच निळा निघतो. तपकिरी खडे भट्टीत तापवले की काही निळे होतात, काही पांढरे. या निळ्या झिरकॉनसाठी कंबोडियातला एक प्रांत जगात प्रसिद्ध आहे आणि त्याचं नाव ऐकून कोकणातला माणूस चमकेल : रतनकिरी. संस्कृत रत्न आणि गिरी यांवरूनच ते नाव तिकडं गेलं. आपल्या रत्नागिरीत रत्नं नाहीत, आंबे आहेत. तिकडच्या रतनकिरीत मात्र खरोखर रत्नं निघतात.

तापवून निळा केलेला खडा खोटा नसतो. रत्नांच्या धंद्यात ही रीत जुनी आहे. पण विकणाऱ्यानं ते सांगावं ही अपेक्षा असते, कारण असले काही खडे जास्त ऊन लागल्यावर पुन्हा तपकिरी छटेकडं झुकतात. सोनारानं दागिना दुरुस्त करताना खड्यावर ज्योत धरली तरी रंग फिरू शकतो. म्हणून खरा झिरकॉन बसवलेला दागिना डागायला देताना खडा आधी काढून घ्यायला सांगावं.

गोमेदचा गुंता

आता राहूचा खडा. नवरत्नांत गोमेद आहे आणि पत्रिका पाहून तो घालणारी माणसं गावोगाव आहेत. श्रद्धा ज्याची त्याची, त्यात इथं जायचं कारण नाही. पण पैसे मोजून जो खडा मागितला तोच मिळाला का, हे बघणं प्रत्येकाचं काम आहे.

रत्नशास्त्राच्या आजच्या भाषेत गोमेद म्हणजे हेसोनाइट. हा गार्नेट कुळातला खडा आहे, रंग काकवीसारखा किंवा गोमूत्रासारखा लालसर-पिवळा. झिरकॉनशी त्याचं रसायनाचं काही नातं नाही. हेसोनाइट कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचं सिलिकेट, झिरकॉन झिरकोनियमचं. पण रंग सारखा, दोघंही श्रीलंकेच्या त्याच नदीगाळात एकत्र सापडतात, त्यामुळं शेकडो वर्षं दोघांची सरमिसळ होत आली. काही शब्दकोशांत आणि पुस्तकांत आजही गोमेद म्हणजे झिरकॉन असंच लिहिलेलं आढळतं. म्हणून एखाद्या दुकानदारानं गोमेद म्हणून तपकिरी झिरकॉन दिला तर तो म्हणू शकतो की पुस्तकात तसंच आहे. दुसरा हेसोनाइट देईल आणि तोही गोमेदच म्हणेल. तिसरा रंगीत काच देईल. खरी भीती या तिसऱ्याची.

हेसोनाइटची एक खूण भिंगातून लगेच कळते. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं की आतला भाग साखरेचा पाक पाण्यात ओतल्यावर जशा लहरी दिसतात तसा हलता-ढवळलेला दिसतो. झिरकॉनमध्ये हे नसतं. त्याची खूण वेगळी. झिरकॉनमधून जाणारा प्रकाश दोन भागांत फुटतो. वरच्या सपाट पैलूतून तिरकं आत पाहिलं तर मागच्या बाजूच्या पैलूंच्या कडा एकाऐवजी दोन-दोन दिसतात, जणू नजर जड झाली आहे. सरळ पाहून दिसलं नाही तर खडा फिरवून बघावा, एका दिशेनं हे दिसत नाही. काचेत आणि अमेरिकन डायमंडमध्ये कडा एकेरीच राहते. (मोइसनाइट म्हणून आणखी एक कृत्रिम खडा हिऱ्याच्या जागी खपतो, त्यातही कडा दुहेरी दिसते, तेव्हा पांढऱ्या खड्याच्या बाबतीत एवढ्यावर थांबू नये.) काचेत बहुतेक वेळा गोल हवेचे बुडबुडेही सापडतात. असलं भिंग ऑनलाइन शे-दोनशे रुपयांत मिळतं, आणि मोबाईलचा कॅमेरा त्यावर टेकवला तर फोटोही निघतो.

वजनाची भाषाही इथं गोंधळात टाकते. ज्योतिषाकडून चिठ्ठी येते "सव्वापाच रत्ती". रत्ती मूळची गुंजेच्या बियांवरून आली आणि दुकानागणिक कच्ची-पक्की बदलते. सोनाराची रत्ती साधारण १२१ मिलीग्रॅम, तर खड्यांच्या बाजारातली रत्ती बऱ्याच ठिकाणी १८० मिलीग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे सव्वापाच रत्ती सांगून नेमका किती खडा दिला हे काट्याशिवाय कळणार नाही. बिलावर कॅरेट किंवा ग्रॅममध्ये वजन मागावं. खड्याचा एक कॅरेट म्हणजे २०० मिलीग्रॅम, सगळ्या जगात एकच. सोन्याचा २२ कॅरेट हा वेगळा, तो शुद्धतेचा आकडा, वजनाचा नाही. शब्द एक आणि कामं दोन, इथंही तीच कथा.

अमेरिकन डायमंड, जो अमेरिकेतला नाही

ट्रेमधल्या पांढऱ्या "झरकन"कडं येऊ. क्यूबिक झिरकोनिया म्हणजे झिरकोनियम आणि ऑक्सिजन, बस्स. त्यात सिलिकॉन नाही. निसर्गात हा पदार्थ घन रूपात नावापुरताच सापडतो. दागिन्यातला प्रत्येक खडा कारखान्यातला.

तो बनवण्याची अडचण गमतीची होती. झिरकोनियाची पूड वितळायला २,७०० अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत ज्या भांड्यात वितळवायचं ते भांडंच टिकत नाही. १९७० च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर तोड काढली. पुडीचंच भांडं करायचं! चारी बाजूंनी पाण्यानं थंड केलेल्या तांब्याच्या नळ्या, आत पूड, आणि रेडिओलहरींनी फक्त मधला भाग वितळवायचा. कडेची पूड थंड राहते आणि तीच भांड्याचं काम करते. मग हळूहळू निववत नेलं की आत लांब स्फटिक उभे राहतात. त्यात इट्रियम किंवा कॅल्शियमचा ऑक्साइड थोडा मिसळतात, नाहीतर थंड होताना स्फटिकाची रचना बदलते आणि तो तडकतो. १९७६ पासून हा माल बाजारात आला. म्हणजे रशियात जमलेली कृती, आणि आपल्याकडं नाव अमेरिकन डायमंड. आज खड्यांच्या अशा मालासाठी चीनमधलं वुझोऊ शहर मोठं केंद्र मानलं जातं.

खडा म्हणून तो वाईट नाही. कठीणपणात तो खऱ्या झिरकॉनपेक्षाही सरस आहे. मोहच्या मापात झिरकॉन साडेसहा ते साडेसात, क्यूबिक झिरकोनिया आठच्या थोडा वर, हिरा दहा. ज्या हातांना माती, वाळू, सिमेंट लागतं त्यांच्या अंगठीत खरा झिरकॉन लवकर झिजतो, कारण धुळीतल्या गारेच्या कणांचा कठीणपणा सात आहे आणि झिरकॉन ठिसूळ आहे. त्याच्या पैलूंच्या कडा बारीक टवके उडून बोथट होतात. व्यापारी एका कागदी पुडीत दोन झिरकॉन ठेवत नाहीत, एकमेकांवर घासूनही ते खराब होतात. एडीला हा त्रास कमी. साबण आणि तेलाचा थर बसून तो मंद दिसायला लागतो, कोमट पाणी आणि मऊ ब्रशनं पुन्हा उजळतो. मात्र बेंटेक्सच्या स्वस्त दागिन्यात खड्यामागं चमकी लावलेली असते, तिथं पाणी गेलं की खडा काळा पडतो.

खरा प्रश्न त्याच्या वजनाचा आहे. क्यूबिक झिरकोनिया भलताच जड. त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा तो सुमारे दीड पटीहून अधिक भरतो. एका हिऱ्याच्या जागी एडी बसवला की दागिना हाताला भारी लागतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं सोनं भरपूर आहे.

हिशोब करून बघा. समजा एक पेंडल खड्यांसकट ८ ग्रॅम भरलं. त्यात एडीचं वजन १.२ ग्रॅम. सोनं राहिलं ६.८ ग्रॅम. सोप्या हिशोबासाठी भाव १०,००० रुपये ग्रॅम धरा. दुकानदारानं पूर्ण ८ ग्रॅमचा भाव लावला तर १२,००० रुपये खड्यांच्या वजनाचे गेले, आणि खड्यांची खरी किंमत नगाला काही रुपये, फार तर काही दहा रुपये. त्यावर घडणावळ टक्क्यानं लागते, म्हणजे खड्याच्या वजनावर घडणावळसुद्धा भरली. मोडीला नेल्यावर हेच १.२ ग्रॅम आधी वजा होतात. बँक असो की पतसंस्था, सोनंतारणात निव्वळ सोन्याचं वजन धरतात.

चांगले सराफ बिलात एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन असे तीन आकडे वेगळे लिहितात आणि खड्यांचे पैसे वेगळे लावतात. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा खर्च वेगळा दाखवायचा हा नियमच आहे. तेव्हा "आमच्याकडं तसं लिहीत नाहीत" हे उत्तर चालवून घेऊ नये. दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हवा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिना कुणी हॉलमार्कला दिला, कुठल्या केंद्रात तपासला गेला हे दिसतं. तक्रारही तिथंच करता येते, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आणि २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. खड्यांच्या बारक्या कुड्या, नाकातल्या चमक्या नेमक्या याच वजनात बसतात.

खड्याचं वेगळं सर्टिफिकेट हातात आलं तर त्यावरचा इंग्रजी शब्द नीट वाचावा. झिरकॉन आणि झिरकोनिया यांच्या स्पेलिंगमध्ये फरक एवढाच की झिरकोनियाच्या शेवटी आय आणि ए ही दोन अक्षरं जास्त असतात. पुढं "क्यूबिक" असेल, किंवा "सिंथेटिक", "लॅब क्रिएटेड" असं काही असेल, तर खडा कारखान्याचा. कार्ड गुळगुळीत छापलं आहे, त्यावर क्यूआर कोड आहे, म्हणून ते खरं ठरत नाही. कोड स्कॅन केल्यावर उघडणारी माहिती आणि खड्याचं वजन-माप जुळतं का ते पाहायचं. पक्की तपासणी हवी तर मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळा आहेत, जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरीही जुनी आहे. दोन-पाचशेच्या खड्यासाठी तिथपर्यंत जाण्यात अर्थ नाही. पण कुणी "अस्सल निळा झिरकॉन" म्हणून पाच आकडी रक्कम मागत असेल तर रिपोर्टशिवाय पैसे देऊ नयेत.

पेलाभर पाण्याची परीक्षा

खडा सुटा असेल, कोंदणात बसवलेला नसेल, तर घरच्या घरी एक परीक्षा होते आणि ती बरीच विश्वासाची आहे. लागतो एक छोटा डिजिटल काटा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा. ओळखीच्या सोनाराकडं हजाराव्या भागाचा असतो, तो मिळाला तर उत्तम.

आधी खडा कोरडा तोलून आकडा लिहून ठेवा. मग काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातानं धरा. पेल्याच्या तळाला किंवा काठाला तो लागू द्यायचा नाही, त्याला चिकटलेले बुडबुडे झटकायचे. आता काट्यावर जो आकडा दिसतो तो खड्यानं सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागायचं.

उत्तर ४.६-४.७ च्या जवळ आलं तर खडा झिरकॉन असण्याची शक्यता दाट. ३.६ च्या आसपास असेल तर हेसोनाइट, म्हणजे गोमेद. साडेपाच ते सहा आलं तर क्यूबिक झिरकोनिया. साधी काच अडीचच्या आसपास येते. २ ग्रॅमचा, म्हणजे १० कॅरेटचा खडा घेतला तर झिरकॉनला काटा ०.४३ दाखवेल, गोमेदला ०.५५, एडीला ०.३५ आणि काचेला ०.८०. फरक डोळ्यांना दिसण्याइतका आहे. खडा अर्ध्या ग्रॅमपेक्षा लहान असेल तर स्वस्त काट्यावर हा फरक हरवतो. शिसं घातलेली जड काचही असते आणि ती गोमेदच्या आकड्याजवळ येऊ शकते, म्हणून भिंग आणि पाणी दोन्ही वापरावं.

खड्यावर फुंकर मारून वाफ किती वेळ टिकते ते बघणं, कागदावरच्या ओळीवर ठेवून अक्षर दिसतं का बघणं, दुधात टाकून दूध निळं होतं का बघणं, हे मोबाईलवर फिरणारे उपाय. पहिल्या दोहोंतून हिरा आणि काच यांच्याबद्दल थोडाफार अंदाज येतो. झिरकॉनला त्यांचा उपयोग नाही. दुधाचं तर सोडूनच द्या.

आपल्या मातीत झिरकॉन का नाही

मुळा-पवनेच्या काठी, मावळात, खेड-आंबेगावात विहीर किंवा पाया खोदताना चमकणारे स्फटिक निघतात आणि कुणीतरी म्हणतं, "हिरा सापडला." ते झिरकॉनही नसतात आणि हिरेही नसतात. आपला सगळा मुलूख काळ्या बेसॉल्टचा. या लाव्ह्यात सिलिका कमी, त्यामुळं झिरकॉनचे स्फटिक त्यात तयार होण्याजोगी स्थिती सहसा येत नाही. झिरकॉन ग्रॅनाइटसारख्या खडकात होतो. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत सापडतात ते झिओलाइट, स्टिलबाइट, ॲपोफिलाइट आणि गारगोटी, अकीक. रत्न म्हणून यांना फारसा भाव नसला तरी नमुना म्हणून चांगल्या स्फटिकाला आहे. वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसला आहे. विहिरीत असं काही लागलं तर सुरुंग-पहारीनं फोडून टाकण्याआधी एकदा जाणकाराला दाखवलेलं बरं.

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची काळी वाळूही याच कारणानं वेगळी. ती बेसॉल्ट झिजून आलेली, म्हणून तिच्यात मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. झिरकॉनची वाळू मिळते ती केरळच्या चवरा, तमिळनाडूच्या मनवलकुरिची आणि ओडिशाच्या छत्रपूर भागात. ग्रॅनाइट आणि तत्सम जुने खडक झिजतात, बाकीचे खनिज कुजून माती होते, झिरकॉन मात्र कुजत नाही. नदी त्याला समुद्राला नेते आणि लाटा जडपणामुळं एका पट्ट्यात गोळा करतात, सुपात धान्य पाखडल्यावर खडे जसे एका बाजूला राहतात तसे. १९५० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी इंडियन रेअर अर्थ्स, आताचं नाव आयआरईएल, ही वाळू काढते.

आणि तीच वाळू सांगवीच्या अनेक घरांतल्या माणसांच्या हाताखालून जाते, अंगठीशिवाय. भोसरी, चाकणच्या पट्ट्यात फाउंड्रीत काम करणाऱ्यांना झिरकॉन पावडर, झिरकॉन वॉश हे शब्द नवे नाहीत. ओतलेलं पोलाद १,६०० अंशांच्या आसपास असतं. साध्या वाळूचा साचा अशा वेळी फुगतो, धातू वाळूत शिरतो आणि कास्टिंग खरबरीत निघतं. झिरकॉन तापून फारसा फुगत नाही आणि वितळलेला धातू त्याला चिकटत नाही. महाग असल्यानं सगळा साचा त्याचा करत नाहीत, कोअरवर आणि साच्याच्या आतून त्याचा लेप देतात. मेणाच्या नमुन्यावरून नाजूक सुटे भाग ओततात, त्या पद्धतीत मेणावरचा पहिला थर बहुधा झिरकॉनच्या घोळाचा असतो, कारण त्याच थरावर भागाचा गुळगुळीतपणा ठरतो.

ही पावडर पिठाहून बारीक असते. झिरकॉनमध्ये युरेनियम आणि थोरियम अगदी थोड्या प्रमाणात असतं. अंगठीतल्या चोख खड्याची त्यामुळं काळजी करण्याचं कारण नाही. पण रोज पोती फोडणाऱ्यानं, लेप घोटणाऱ्यानं धूळ नाकात जाऊ न देणं हे वेगळं. फाउंड्रीत त्याहून मोठा शत्रू साध्या वाळूची सिलिका धूळ. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, त्यासाठीचा मास्क वेगळा असतो आणि तो द्यायचं काम मालकाचं आहे. झिरकॉनवरच्या लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण या पट्ट्यात अंगठीतल्या झिरकॉनपेक्षा श्वासात जाणाऱ्या धुळीची गाठ जास्त घरांशी आहे.

बाकी ठिकाणीही झिरकोनियम पसरलेलं आहे. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या पाईपात जो ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यातला कामाचा भाग बहुतेक वेळा झिरकोनियाचा. दाताला बसवतात ती पांढरी झिरकोनिया कॅप त्याचीच. पांढऱ्या फरशीचा पांढरेपणा पुष्कळदा झिरकॉनच्या पुडीमुळं. आणि १९६९ पासून चालू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्रात युरेनियमचं इंधन ज्या नळ्यांत भरतात त्या झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या, कारण हा धातू न्यूट्रॉन फारसे शोषत नाही.

साडेसहा कोटी वर्षांचा साक्षीदार

आपल्या खडकात झिरकॉन होत नाही असं वर म्हटलं. तरीही सह्याद्रीचं वय सांगायला झिरकॉनच उपयोगी पडला, ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

झिरकॉनचा कण तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र घेत नाही. पुढं युरेनियमचं फार संथ गतीनं शिसं होत राहतं. त्याच्या एका प्रकाराला अर्धं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात. कणातलं युरेनियम आणि शिसं मोजलं की तो कधी बनला ते कळतं. ऑस्ट्रेलियाच्या जॅक हिल्समधले काही कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे निघाले, पृथ्वीवर सापडलेल्या पदार्थांत त्याहून जुनं दुसरं काही नाही. (आकाशातून पडलेल्या उल्का सोडून.) ओडिशाच्या चंपुआ भागातल्या खडकातही सुमारे ४२४ कोटी वर्षांचे कण मिळाल्याचं २०१८ साली जाहीर झालं.

घाटात रस्ता कापलेला असतो तिथं काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये गेरूसारखा लाल पट्टा दिसतो. कित्येक विहिरींतही तो लागतो. एक लाव्हा येऊन थंड झाला आणि दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात झालेली ही माती. त्या काळात कुठल्या तरी दुसऱ्या जातीच्या, स्फोट होऊन फुटणाऱ्या ज्वालामुखीची राख वाऱ्यानं येऊन तिच्यात पडली, आणि त्या राखेत झिरकॉनचे डोळ्यांना न दिसणारे कण होते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोएन आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या अशा लाल थरांतून ते कण वेचून त्यांचं वय काढलं. २०१५ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात ते छापून आलं. डायनासोर नाहीसे झाले तो काळ ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या साधारण अडीच लाख वर्षं आधी इथल्या लाव्ह्याचा मुख्य जोर सुरू झाला आणि तो सुमारे साडेसात लाख वर्षं चालला, असं त्यांच्या मोजणीतून निघालं. डायनासोर उल्केनं मेले की आपल्या लाव्ह्यानं, की दोहोंनी मिळून, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे. त्या वादात दोन्ही बाजू ज्याचा आधार घेतात त्यात खंबाटकी, वरंधसारख्या घाटांतून जाताना एसटीच्या खिडकीतून दिसतो तसला लाल पट्टाही आहे.